आंब्याच्या वेबसाइटला प्रायव्हसी पॉलिसी कशाला?

पडवीवाला_देवगड: ऐंशी कलमांची बाग. दोन वर्षं पेट्या थेट घरपोच देतोय. भाच्याने वेबसाइट करून दिली, पण पेमेंट गेटवेवाल्यांनी (ऑनलाइन पैसे आपल्या खात्यात पोचवणारे) अर्ज परत पाठवला, प्रायव्हसी पॉलिसीचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या माहितीचं काय करतो ते सांगणारं, पान नाही म्हणून. भाच्याने कुठल्याशा साइटवरनं उचलून चिकटवलं. अर्ज मंजूर! काल रात्री ते पान वाचलं. आमचं म्हणे मोबाइल अ‍ॅप आहे, ते गिऱ्हाइकाचं लोकेशन घेतं, आणि तक्रार बेंगळुरूच्या कार्यालयात करायची. आमचं कार्यालय म्हणजे पडवी. नाव, पत्ता, मोबाइल याशिवाय आम्ही घेतो काय? एवढ्याला पॉलिसी कशाला?

साइटवाली_रत्नागिरी: ते पान आजच काढा दादा. पान नसणं ही चूक, पण खोटं पान म्हणजे तुम्हीच लिहून दिलेला खोटा शब्द. नाव-पत्ता-मोबाइल हाच वैयक्तिक डेटा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात छोट्या धंद्याला सरसकट सूट नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. काय घेता, कशासाठी घेता, हे गिऱ्हाइकाला सोप्या भाषेत सांगायचं.
एका पेटीच्या मागे मागे जा आणि लिहा. फॉर्म भरला, पत्ता कुठे उतरला? वहीत की गूगल शीटमध्ये? पार्सलवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कोण पाठवतं? साइटवर गूगल अ‍ॅनालिटिक्स (साइटवर कोण किती येतं ते मोजणारं) असेल तर तेही लिहा, त्यांच्या अटींतच पॉलिसी लागते.

डोंबिवलीकर_मूळ_मालवण: गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो. एका बागायतदाराकडून दोन पेट्या मागवल्या, आंबा एक नंबर. पण दिवाळीत फराळवाल्याचा फोन, मग प्लॉटवाल्याचा, 'आंबेवाल्यांकडून नंबर मिळाला'. त्यांच्याकडे परत गेलो नाही.

पडवीवाला_देवगड: हे वाचून घाम फुटला. गेल्या गणपतीत शेजारच्या काजूवाल्याने यादी मागितली आणि मी अख्खी वही फोटो काढून पाठवली. चारशेच्या आसपास नावं. शेजारधर्म म्हणून, दुसरं काही डोक्यात नव्हतं.

होमस्टे_गुहागर: आमच्याकडे तर पाहुण्यांच्या आधारचे फोटो गॅलरीत नातवंडांच्या फोटोंशेजारी पडलेत! आता मास्क्ड आधारच मागते, शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि दादा, काजूवाल्याला ती यादी पुसायला सांगा, पुसल्याचं कळवायलाही सांगा.

पडवीवाला_देवगड: सांगितलं. तो हसला, पण माझ्यासमोर पुसली. असं लिहिलंय, बघा:
'नाव, पत्ता, मोबाइल फक्त पेटी पोचवायला आणि पैशाचा हिशेब ठेवायला घेतो. पत्ता आणि नंबर पार्सलवाल्याला देतो, तिसऱ्या कुणाला नाही. पुढच्या मोसमात मेसेज नको असेल तर फॉर्मवर खूण करू नका. माहिती पुसायची असेल तर खालच्या नंबरवर कळवा.'
मराठीत चालेल ना?

साइटवाली_रत्नागिरी: चालेल. कायद्यातच इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली (मराठी त्यात आहे) कुठलीही भाषा निवडायची मुभा गिऱ्हाइकाला दिलीय, म्हणून जोडीला इंग्रजीही ठेवा. पेमेंट गेटवेचं एक वाक्य राहिलं. आणि ती मेसेजची खूण आधीच केलेली ठेवू नका, भाच्याला बजावा.

पडवीवाला_देवगड: होती केलेली. काढली.