विषय: डिसेंबरात कोल्हापूरची खेळबैठक, कोणते फासे आणि कोणती बाटली आणू?

प्रेषक: मंडळाचा सभासद, मूळचा शाहूपुरीचा

काका, नमस्कार.

डिसेंबरात सुट्टीला घरी येतोय. तुमच्याकडे राजारामपुरीत दर पंधरवड्याला खेळाची बैठक बसते असं मंडळातल्या मंडळींकडून कळलं. मलाही यायचंय. इकडे परदेशात आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ खेळतो आणि त्या नादात मी फासे जमवायला लागलोय, बहुतेक रेझिनचे (साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकसारख्या मालाचे), धारदार कडांचे, आत सोनेरी वर्ख असलेले. आणू का? ते घरातून बाहेर न्यायला जीव धजत नाही, म्हणून विचारतोय. आणि बरोबर एखादी रेड वाईन चालेल का?

मंडळाच्या ईमेल यादीवरच विचारतोय, कारण आणखी काही जण त्याच सुमारास कोल्हापूर-सांगलीकडे असणार आहेत.

प्रेषक: काका, राजारामपुरी

अरे ये की! आणि फासे तर आणच. फक्त एक गोष्ट आधी सांगतो: आमच्या टेबलावर आलेला फासा सगळ्यांच्या हातात जातो. माझं याबाबतीत ठाम मत आहे. नाणी, तिकिटं कपाटात ठेवून जमवता येतात. फासा टाकला नाही तर तो फासा कसला? माझे सगळे फासे मसाल्याच्या स्टीलच्या डब्यात असतात. डब्यात वाट्या सात आणि संचात फासेही सात प्रकारचे: चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे, शिवाय टक्केवारीचा, म्हणजे 00, 10, 20 असे 90 पर्यंत आकडे असलेला. डबा मध्यभागी उघडा असतो. ज्याला जो हवा तो त्याने उचलावा.

रेझिनचे आणतोस तर आधी ते तोलून बघ. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाल, फासा त्यात सोड. तरंगला की टिचकी मारून फिरव. दर वेळी तोच आकडा वर येत असेल तर आत हवेचा बुडबुडा राहिलाय. वीस बाजूंच्या चांगल्या फाशावर समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज 21 असते, म्हणजे मोठे आकडे एका अंगाला गोळा होत नाहीत. काही फाशांवर आकडे ओळीने शेजारी-शेजारी असतात. ते मोजणीसाठी, टाकायला नव्हेत. आणि वीस बाजूंचा फासा 1974 साली डन्जन्स अँड ड्रॅगन्सबरोबर जन्मला असं समजू नकोस. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इजिप्तमधला, ग्रीक अक्षरं कोरलेला वीस बाजूंचा फासा आहे, किमान सोळाशे वर्षं जुना. आपल्याकडे मोहेंजोदडोला भाजक्या मातीचे सहा बाजूंचे फासे सापडले. त्यांच्यावर समोरासमोर बेरीज सात येत नाही. तिथे एकासमोर दोन, तिनासमोर चार, पाचासमोर सहा.

आता माझ्या आवडत्या फाशांबद्दल. ते मी विकत घेतलेले नाहीत, आपल्या शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, करून घेतलेत. पितळेच्या चौकोनी सळईतून 16 मिलिमीटरचे तुकडे कापून मिलिंगच्या मशीनवर सहाही बाजू तासून सपाट केल्या. कारागिराने पहिला प्रश्न काय विचारावा? “टॉलरन्स किती पाहिजे?” म्हणजे मापात किती फरक चालेल. पॉइंट झिरो टू मिलिमीटर म्हणालो, तर म्हणाला, “मग पंपाच्या पार्टसारखंच धरतो.” आणि धरलंन्. टिपके मुद्दाम उथळ ठेवलेत. खोल पाडले की सहाच्या बाजूचं पितळ जास्त जातं, ती बाजू हलकी होते आणि सहा जरा जास्त वेळा वर येऊ लागतो. कॅसिनोतल्या फाशांचे टिपके याच कारणाने तितक्याच वजनाच्या मालाने भरून सपाट करतात. माझा एक पितळी फासा साधारण 35 ग्रॅम भरतो, तेवढाच अ‍ॅक्रिलिकचा 5 ग्रॅमच्याही आत. तळहातावर घेतलास की क्षणभर गार लागतो, मग हाताची ऊब धरतो. काळा पडला तर मऊ फडक्याने पूस, राखेने घासू नकोस, टिपक्यांतला रंग निघतो.

पितळ थेट टेबलावर टाकलं तर सनमायक्याला खळगे पडतात. म्हणून चपला करणाऱ्या एका कारागिराकडून कातड्याचा ट्रे शिवून घेतला. कोल्हापुरी चपलेचंच कातडं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, कडा हाताने शिवलेल्या. फासा त्यावर आवाज न करता घरंगळतो आणि फार उसळत नाही. तुझ्या धारदार कडांच्या रेझिनलाही तो मानवेल. कडा चेपतील ही भीती सोड.

रेड वाईन मात्र आणू नकोस. बाटली उघडली की दोन-तीन दिवसांत तिची चव उतरते. मग खेळ संपायच्या आत ती संपवायची घाई होते आणि शेवटच्या डावात कुणाला आपली पाळी कळत नाही. खेळाच्या रात्रीला फोर्टिफाइड, म्हणजे स्पिरिट घालून कडक केलेली, वाईनच खरी: पोर्ट, मदेरा, शेरी. पोर्टसाठी द्राक्षरस आंबत असताना, साखर अजून निम्मी शिल्लक असतानाच त्यात सुमारे 77 टक्के अल्कोहोलची द्राक्षाची स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, गोडवा राहतो आणि वाईन 19 ते 22 टक्क्यांवर स्थिरावते. 60 मिलीचा छोटा ग्लास कॅटान या पटावरच्या खेळाच्या अख्ख्या डावाला पुरतो. शिवाय ब्रिटिश रिवाजाप्रमाणे पोर्टची बाटली टेबलावर डावीकडे सरकवतात आणि आपल्या बहुतेक खेळांत पाळीही डावीकडेच जाते! त्यामुळे आमच्याकडे फासे आणि बाटली एकामागोमाग फिरतात. कुणाला काही मागावं लागत नाही.

आणायचीच तर टॉनी पोर्ट आण, दहा वर्षांची. ती लाकडी पिंपात हवेशी झुंजतच मुरलेली असते, त्यामुळे उघडल्यावर फ्रिजमध्ये महिनाभर छान राहते, म्हणजे पुढच्या दोन बैठकांना तीच. व्हिंटेज पोर्ट आणू नकोस. तिचा गाळ गाळा, दोन दिवसांत संपवा, एवढं सगळं लग्नकार्याला ठीक. आणि मदेरा मिळाली तर डोळे झाकून घे. जहाजातून विषुववृत्त ओलांडताना वाईन तापली आणि उलट चांगली झाली, तेव्हापासून तिला मुद्दाम ऊब देऊनच मुरवतात. स्वस्त प्रकार तर 45 ते 50 अंशांवर तीन महिने तापवतात. उघडलेली बाटली महिनोन् महिने टिकते. आपल्या एप्रिलची तिला काय मातब्बरी!

बरोबर खायला तांबडा रस्सा ठेवत नाही. अल्कोहोलने तिखटाचा जाळ वाढतो आणि तेलकट बोटं फाशांना लागतात. रस्सा खेळ संपल्यावर, भाकरीबरोबर. टॉनीबरोबर भाजलेले शेंगदाणे आणि कोल्हापुरी गुळाचा खडा देऊन बघ. पिंपात मुरलेल्या वाईनचा तो जळक्या साखरेचा, सुक्यामेव्याचा वास आणि काहिलीतून निघालेल्या गुळाची खमंग चव इतकी जुळते की चीजची आठवणसुद्धा येत नाही.

गोवा जवळ म्हणून तिथली पोर्ट घेऊन येतो असं दोघा-तिघांनी कळवलंय. ती गोड लाल वाईन आहे, प्यायला हरकत नाही, पण खरी पोर्ट जिथली, त्या पोर्तुगालच्या डोरू नदीच्या खोऱ्यातली नव्हे. त्या खोऱ्याची हद्द 1756 सालीच आखलेली आहे आणि युरोपात पोर्ट हे नाव तिथल्याच वाईनला लावता येतं. शिवाय गोव्याची बाटली विनापरवाना राज्यात आणता येत नाही. परदेशातून विमानाने येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत कस्टम ड्युटी नाही, आणि 24 टक्क्यांखालची असल्याने चेक-इन सामानात चालते. हँडबॅगेत घेऊ नका, विमान बदलताना काढून घेतात. आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो, तो एका दिवसाचाही मिळतो. वयाची अटही असते, ती आधी बघून घ्या.

प्रेषक: मावशी, मंडळाच्या जुन्या कार्यकारिणीतून

भाऊजी, सगळं वाचलं. मी घेत नाही आणि घेणाऱ्यांवर माझा राग नाही. पण मंडळाच्या नावाने जिथे माणसं जमतात तिथे न घेणाऱ्याला प्लॅस्टिकच्या कपात कोल्ड्रिंक देऊन कोपऱ्यात बसवतात, ते मला इकडे फार लागलेलं आहे. तुमच्याकडे तसं होऊ नये.

दुसरं, तुमच्या डब्यात कवड्या नाहीत. मंगळवार पेठेतल्या आमच्या माहेरी सारीपाट कापडाचा होता, आजीने शिवलेला, आणि सहा कवड्या. दोन ते सहा जितक्या उताण्या तितकी घरं. एकच उताणी पडली तर दहा, सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. कवडीला तुमचा टॉलरन्स लागू नाही. प्रत्येकीची पाठ वेगळी, प्रत्येकीचं पडणं वेगळं. आजीला कुठली कवडी सहसा उताणी पडते ते ठाऊक होतं आणि ती आम्हालाही ओळखायला शिकवायची. तो पट माझ्याकडे आहे. जानेवारीत येतेय, घेऊन येऊ का?

प्रेषक: काका, राजारामपुरी

वहिनी, पट आणाच, कवड्यांसकट. माझ्या पितळी फाशांचं सगळं कौतुक बाजूला ठेवून सांगतो, त्या पटावर खेळायला मिळणं हा आमचा मान. घरटी कवड्यांचे नियम बदलतात, म्हणून तुमच्या आजीचे नियम आल्याबरोबर लिहून घेऊ. आमच्याकडच्या पोरांना पंचवीसचं दान पडलं की काय होतं ते एकदा दिसायला हवं.

ग्लासांचं म्हणणं पटलं. आमसुलाचं घट्ट सरबत, जिरं आणि किंचित सैंधव घालून, त्याच छोट्या काचेच्या ग्लासांत देऊ आणि तो तांब्याही बाटलीमागून डावीकडेच फिरेल. रंग टॉनीपेक्षा देखणा असतो. ज्यांना गाडी चालवत जायचंय त्यांच्यासाठीही तेच.

प्रेषक: मंडळाचा सभासद, मूळचा शाहूपुरीचा

काका, मावशी, ठरलं. काल मिठाच्या पाण्यात सगळे फासे सोडून बघितले. निळा वीस-बाजूंचा दर वेळी सतराच दाखवतो, तो वगळून बाकीचे आणतोय. टॉनी एक, मदेरा मिळाली तर तीही. उद्यमनगरातल्या कारागिराकडून बारा बाजूंचा पितळी फासा होईल का, हे तेवढं विचारून ठेवाल? बाजूंमधला कोन 116.57 अंशांचा येतो, ड्रॉइंग पाठवतो.

प्रेषक: काका, राजारामपुरी

विचारलं. म्हणाला, फिक्श्चर, म्हणजे तुकडा नेमक्या कोनात धरणारी पकड, करावं लागेल, पण करू. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये पाठव. महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणार असशील तर कळव, स्टेशनवर घ्यायला येतो.