जागा लिहायची की लपवायची? आमच्या वनस्पती मंडळातलं भांडण

एकदांडी

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण त्यावरून आमच्या वनस्पती मंडळात दोन तट पडलेत आणि मी सचिव असल्यामुळे दोन्हीकडचे फोन मलाच येतात.

मंडळ छोटं आहे. वहीत नावं ४३, फेरीला येणारे पंधरा-सोळा, आणि सभा संपल्यावर खुर्च्या उचलायला थांबणारे चार. महिन्यातून एक फेरी, पावसाळ्यात दर रविवारी. परत आल्यावर यादी करायची, ज्याची ओळख पटली नाही त्यावरून भांडायचं, क्वचित एखादा नमुना दाबून, वाळवून कागदावर चिकटवून शीट करायचं. एवढाच आमचा उद्योग.

ह्या पावसाळ्यात एका उतारावर जमिनीवर उगवणारी पांढरी आमरी, म्हणजे ऑर्किड, सापडली. हबेनारिया ह्या वंशातली. अकरा झाडं, त्यातली सात फुलावर. आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या सभासदांच्या (आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो) वहीत ह्याच उतारावरची नोंद आहे, २२ वर्षांपूर्वीची. मधल्या काळात कुणालाच दिसली नव्हती. मी तिथेच गुडघ्यावर बसून फोटो काढला आणि संध्याकाळी टाकला. जागा लिहिली नाही, तेवढी अक्कल होती. पण फुलाच्या मागे मोबाइलचा टॉवर आणि मधोमध दुभंगलेला खडक स्वच्छ दिसत होता, तिकडे लक्षच गेलं नाही.

दोन आठवड्यांनी गेलो तर चार झाडं उरलेली. बाकी सात जागी खड्डे. रानडुकरानं उकरलं की जमीन नांगरल्यासारखी उलथलेली दिसते. इथे तसं काही नव्हतं. कडा सुरीनं कापल्यासारख्या, खड्डा चार बोटं रुंद, आणि काढलेली माती एका बाजूला नीट रचून ठेवलेली. एकात अर्धा तुटलेला कंद पडला होता, पाणीदार, आतून पांढरा. तो मी उचलून खिशात घातला. का, ते विचारू नका.

आता एक गट म्हणतो, यापुढे जागा कुठेच लिहायची नाही. यादीत नाही, शीटवर नाही, फेरी कुठे आहे तेसुद्धा आदल्या रात्री कळवायचं. दुसरा गट म्हणतो, मग मंडळ बंदच करू या. मी स्वतः पहिल्या गटात आहे. अपराधीपणामुळे असेल. तुमच्याकडे काय करता?

चिकटवही

ताई, फोटो आणि नोंद ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत होतेय. फोटो जगासाठी असतो. नोंद पुढच्या माणसासाठी.

मी एका हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, शीटं चिकटवतो, अकरा वर्षं झाली. आमच्याकडे जुन्या शीटांचा एक गठ्ठा आहे, दाबलेली इतकी सुंदर की पाकळीवरची शीर न् शीर दिसते. लेबलवर जागा म्हणून काय? ‘टेकडीजवळ, ओढ्याकाठी.’ कुठली टेकडी, कुठला ओढा? त्या शीटांना कपाटात जागा आहे, पण उपयोग जवळपास शून्य. उलट काही शीटं अशी की पानं किडीनं चाळणी केलीत, पण लेबल चोख: तारीख, उंची, उताराची दिशा, माती कसली, सोबत काय उगवलं होतं, ताजेपणी फुलाचा रंग कोणता (वाळल्यावर सगळीच तपकिरी होतात, त्यामुळे रंग लिहायला विसरायचं नाही). तसली शीटं घेऊन आजही माणूस त्याच जागी जाऊन उभा राहू शकतो.

तेव्हा शीटवर आणि मंडळाच्या वहीत जागा पूर्ण लिहा. बाहेर सांगताना ढोबळ करा. अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर एकाच आकड्यापर्यंत ठेवले तर अक्षांशात सुमारे ११ किलोमीटरचा संदिग्धपणा येतो. खुरपं घेऊन निघालेल्याला तेवढा पुरे. आयनॅचरलिस्टवर (लोक आपल्या निसर्गनोंदी टाकतात ती साइट) जागा झाकायची सोय आहेच. तिथे खरा बिंदू न दाखवता ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी टाकलेला दिसतो, आणि धोक्यातल्या म्हणून नोंदलेल्या जातींचं हे आपोआप होतं. पण मागे टॉवर असेल तर कुठलीच सोय कामाची नाही, हे तुम्ही शिकलातच.

आणि हो, अकरा झाडांच्या घोळक्यातून नमुना घेऊ नका. आमच्याकडे ढोबळ नियम वीस झाडांमागे एक नमुना असा आहे. वीस झाडं मोजता आली नाहीत तर फोटो आणि टिपण, बस्स.

उन्हाळी डबकं

मी दुसऱ्या गटातला, आणि का ते सांगतो.

आमच्या भागात कातळावर एक ओलसर तुकडा होता, दोन खोल्यांएवढा. त्यात दवबिंदू, सीतेची आसवं, गेंद ही रानफुलं, सगळं एकत्र. आम्ही सहा जणांनी शपथ घेतल्यासारखी ती जागा लपवली. नऊ वर्षं. कुणी विचारलं तर विषय बदलायचा. नवीन पोरांना तिकडे न्यायचं नाही. आपल्यालाच ठाऊक आहे याचा एक माज असतो, तोही होता, खोटं कशाला बोलू.

एका उन्हाळ्यात तिथे भराव पडला. तक्रार घेऊन गेलो. समोरच्या माणसानं शांतपणे विचारलं, ‘तिथे काय होतं?’ आम्ही सांगितलं. ‘कशावरून?’ आमच्याकडे फोटो होते, पण जागेचा उल्लेख नसलेले. यादी होती, तीही जागेविना. उन्हाळ्यात तर तिथे नुसता काळा खडक दिसतो. पडीक जमीन म्हणून ती कधीच नोंदली गेली होती. तो माणूस वाईट नव्हता हो. त्याला पाहिजे होता तो कागद आम्हीच तयार केला नव्हता.

खुरप्यानं सात झाडं जातात. भरावानं सगळा तुकडा गेला.

बिनकाट्याचा

चोर बाहेरचा कशावरून?

टॉवर बघून जागा ओळखायची तर तो डोंगर पायाखालचा हवा. आणि माती नीट ढीग करून ठेवणारा माणूस झाडांवर प्रेम करणारा असतो. विकणारा असता तर घाईत निघाला असता. वहीतल्या ४३ नावांवरून एकदा नजर फिरवा.

पायवाट

बिनकाट्याचा यांना +१, पण जरा हळू, मंडळं फुटतात अशानं.

मला दुसरंच विचारायचंय. फेरीला पंधरा-सोळा माणसं एका उतारावर का नेता? चोरानं सात नेली. फोटोवाल्यांच्या गुडघ्यांखाली किती गेली ते कुणी मोजलं का? आमरीची फुलाला न आलेली झाडं म्हणजे जमिनीलगत दोन पानं, बाकी काही नाही. दिसतच नाहीत. आम्ही आता सहा-सात जणांच्या तुकड्या करतो, एका ओळीत चालतो, फुलाजवळ एका वेळी एकच माणूस, आणि तो उठल्याशिवाय दुसरा वाकत नाही. सुरुवातीला लोक चिडले. एक जण तर गेलाच सोडून, भला मोठा कॅमेरा घेऊन.

दुसरं म्हणजे बूट. फेरी सुरू व्हायच्या आधी बूट घासायचे आणि मोज्यांतली कुसळं काढून पिशवीत टाकायची. गाजरगवताचं बी चिखलातून बुटाला लागून कुठेही पोचतं, आणि वनस्पतीप्रेमी माणसानंच ते चांगल्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, नेऊन पेरावं यासारखी लाज नाही.

एकदांडी

सगळ्यांचे आभार. गुडघ्यांचं वाचून आधी राग आला, मग माझाच फोटो आठवला.

बिनकाट्याचा, तुमचा प्रतिसाद वाचून मी तुमच्याशी दोन दिवस मनातल्या मनात भांडले. तिसऱ्या दिवशी एका सभासदाचा फोन. आवाजात काळजी. ‘ताई, माझ्याकडे एक आमरी आहे कुंडीत, पानं पिवळी पडतायत. पाणी कमी होत असेल का?’ मी विचारलं, कुठून आणली? पलीकडे इतका वेळ शांतता की फोन कट झाला असं वाटलं. मग म्हणाले, ‘तिथे तुडवली गेली असती हो. आपलेच लोक तुडवतात.’

काय बोलणार? पायवाट यांनी लिहिलंय तेच कारण त्यांनी दिलं. सात काढली होती. तीन कुजली, चार कुंड्यांत आहेत. झाडं परत लावता येतील का? चिकटवही, तुम्हीच सांगा.

चिकटवही

पिवळी पडतात म्हणजे मरतातच असं नाही. ह्या आमऱ्या हंगाम संपला की वरून सुकून जातात आणि कंद जमिनीत झोपतो. फुलावर असताना खाली दोन कंद असतात, जुना आटत आलेला आणि पुढच्या वर्षीचा नवा भरत असलेला. तुमच्या माणसानं फुलावर असताना उपटली, म्हणजे नवा कंद अर्धवट भरलेला असताना. त्यांना म्हणावं पाणी वाढवू नका, कमी करा. पिवळेपणा बघून लोक पाणी ओततात आणि कंद कुजतो. ती तीन बहुधा तशीच गेली.

परत लावायला हरकत नाही. जिथून काढली त्याच खड्ड्यांत, त्याच मातीत. आमरीचं जमिनीतल्या बुरशीशी नातं असतं. तिच्या बीमध्ये धुळीच्या कणाएवढाही अन्नसाठा नसतो, रुजण्यासाठी बुरशीच पोसते. ती बुरशी कुंडीतल्या मातीत असेलच असं नाही, उतारावर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. किती जगतील याचा शब्द देत नाही.

फक्त एक करा. वहीत लिहा की ही चार झाडं काढून परत लावलेली आहेत. नाहीतर वीस वर्षांनी कुणीतरी मोजेल आणि आठ झाडं आपसूक वाढली असं समजेल.

काकांची वही कुठे असते? कपाटात एकच प्रत असेल तर आज पानापानाचा फोटो काढा. १९४३ च्या मार्चमध्ये बर्लिनच्या हर्बेरियमवर बॉम्ब पडले आणि सुमारे चाळीस लाख शीटांतली बहुतेक जळाली. पण शिकागोच्या फील्ड म्युझियमचे मॅकब्राइड १९२९ पासून युरोपभर फिरून महत्त्वाच्या शीटांचे फोटो काढत होते, बर्लिनमध्येही. कित्येक वनस्पतींचं ज्यावरून नाव ठेवलं ते शीट गेलं आणि त्यांच्या हातचा फोटो तेवढा उरला. तुमच्याकडे बॉम्ब पडणार नाही. रद्दीवाला येईल.

उन्हाळी डबकं

रद्दीवाल्याबद्दल अगदी सहमत. आमच्या एका आजोबांच्या तीस वर्षांच्या वह्या अशाच गेल्या. घरच्यांना वाटलं जुने हिशेब असतील.

एकदांडी

काल चारही लावून आलो. मी, काका आणि ते सभासद. बाकी कुणाला सांगितलं नाही, नाव तर कुणालाच सांगणार नाही. त्यांनी खड्डे स्वतः उघडले, त्याच सुरीनं. काका काही बोलले नाहीत. नुसते बाजूला उभे राहून मोजत होते.

परत येऊन वहीचे फोटो काढायला बसले. ३१२ पानं आहेत, सध्या चाळीस झालीत, अक्षर बारीक आणि पेन्सिल पुसट झालेली, तिरपा उजेड लागतो. ह्या आमरीचं पान आधी काढलं. वर मी ‘सापडली’ असं लिहिलं ना, ते अर्धंच खरं होतं. त्या रविवारी काका पुढे होते आणि सरळ तिथेच जाऊन थांबले होते, आम्हाला वाटलं दम लागला. पानाच्या समासात लिहिलंय: ‘दुभंगलेल्या खडकापासून उत्तरेला चाळीस पावलं, उताराच्या वरच्या अंगाला. झाडं सव्वीस.’

पुढच्या सभेत माझं मत बदललंय हे सांगावं लागणार. पहिला गट मला फाडून खाणार आहे. फोटोसाठी मागे काहीतरी धरायचं ठरवतोय, छत्री चालेल का?

पायवाट

काळी छत्री नको, प्रकाश खाते. आम्ही पांढरा पुठ्ठा धरतो.