महागडा हेडफोन: आपण आवाजाशी इमान राखतो की सर्व्हिसशी?

कानसेन

पन्नास हजारांचा हेडफोन घेतला म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "आवाज कसाय?" माझ्या मते या किमतीला तो प्रश्न दुय्यम आहे. आवाज बहुतेकांचा चांगलाच असतो. तानपुऱ्याची जवारी एकात जरा उजळ लागते, दुसऱ्यात तबल्याचा डग्गा भरीव वाजतो, एवढाच काय तो फरक. पुढचा हेडफोन त्याच कंपनीचा घ्यायचा की नाही, हे मात्र पहिला बिघडतो तेव्हाच ठरतं.

माझ्या एका प्लेनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याने आवाज काढणाऱ्या हेडफोनची (कंपनीचं नाव घेत नाही) डावी बाजू वॉरंटीत असतानाच मुकी झाली. मेल केला. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत", सोबत तिकीट नंबर. मग बिल मागितलं. मग सीरियल नंबरचा फोटो. मग हेडफोन वाजत नसल्याचा व्हिडिओ! न वाजण्याचा व्हिडिओ कसा काढायचा ते देव जाणे, पण काढला. मग पुन्हा बिल. शेवटी नवा हेडफोन मिळाला, फुकट मिळाला. तरी त्या कंपनीचं पुढचं मॉडेल कितीही गाजो, मी त्या वाटेला जाणार नाही.

दुसऱ्या एका छोट्या कंपनीत अशीच तक्रार केली, तर समोरच्याने एका ओळीत विचारलं: "केबलच्या डाव्या-उजव्या पिना अदलाबदल करून पाहा. बंद बाजू बदलली तर केबल गेलीय, नाही बदलली तर ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग." केबल गेली होती. वॉरंटी संपलेली, त्यामुळे नव्या केबलचे पूर्ण पैसे घेतले. आज कुणी विचारलं तर मी डोळे झाकून त्यांचंच नाव सांगतो. फुकट देणाऱ्यावर राग आणि पैसे घेणाऱ्यावर लोभ, हे कसं काय? तुमचं काय मत?

पेचकस

अजिबात सहमत नाही. वस्तू उघडता येत नाही म्हणून गोड बोलणाऱ्या माणसाची गरज पडते. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या, १९९७ सालचं मॉडेल. केबल ओढली की निघते. कानावरचा पॅड बोटाने उचकटला की निघतो. त्याखालचा फोम, बाहेरची जाळी, ड्रायव्हर, डोक्यावरची गादी, सगळं सुटं आणि सगळं बदलता येतं. त्यांचाच एचडी २५ तर १९८८ चा. डीजे लोक तो आपटतात, तुटला तेवढाच भाग मागवतात आणि पुढे वाजवत राहतात. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० चंही तेच, सुटे भाग सहज मिळतात.

पॅडचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण इथेच लोक फसतात. फोम दबला की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, कडेने हवा सुटायला लागते आणि आवाजाचा तोल बिघडतो. मालकाला वाटतं हेडफोन म्हातारा झाला. तो ओएलएक्सवर टाकतो, मी घेतो, नवे पॅड चढवतो. (विकणाऱ्याला सांगत नाही, हा माझा व्यापार आहे.)

कस्टमर केअरशी मी कधी बोललेलोच नाही, तरी त्याच कंपनीचा पक्का गिऱ्हाईक आहे. याला तुमच्या हिशेबात कुठे बसवणार?

वायरलेसवाल्यांना तर निष्ठा वगैरे चैन परवडतच नाही. आतली बॅटरी मेली की उत्तम सर्व्हिसवालाही "नवीन घ्या, सवलत देतो" म्हणतो. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम लागू होतोय. तेव्हा बघू कोण किती प्रेमळ आहे.

चोखंदळ

निष्ठा कसली राव? हेडफोन घेतलाय, सोयरीक नाही जुळवली.

सर्व्हिसवर सगळं ठरत असतं तर भारतात स्टॅक्स या जपानी कंपनीचा हेडफोन कुणी घेतलाच नसता. इलेक्ट्रोस्टॅटिक प्रकार, म्हणजे विजेच्या भाराने हलणारा पातळ पडदा. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, पडद्याला सतत ५८० व्होल्टचा दाब (बायस). गल्लीतला दुरुस्तीवाला हात लावायला धजत नाही. तरी एकदा ऐकलेला माणूस दुसरीकडे जात नाही. का? आवाज! विषय संपला.

कानसेन

@चोखंदळ, स्टॅक्सवाले मुळात किती? ते भक्त आहेत, मी गिऱ्हाइकांबद्दल बोलतोय.

@पेचकस, तुमचा मुद्दा मोठा आहे, पण सुटा भाग आकाशातून पडत नाही. वीस-पंचवीस वर्षं जुन्या मॉडेलचे पॅड गोदामात ठेवायचे हा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो. मी त्यालाही सर्व्हिसच म्हणतो. फोनवर बोलणारा पोरगा हा तिचा सगळ्यात स्वस्त भाग.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत बसून वेगळंच दिसतं. युरोपीय कायद्याने नव्या मालाच्या दोषाची जबाबदारी दोन वर्षं विक्रेत्यावर असते, कंपनीची वॉरंटी त्याहून वेगळी. त्यामुळे बिघडलं की लोक दुकानात जातात, कंपनीला कुणी मेल करत बसत नाही. साहजिकच जीव जडतो तो दुकानावर.

आणि कंपनी म्हणजे तरी कोण हो? सेनहायझरने ग्राहकांसाठीच्या हेडफोनचा धंदा सोनोव्हा या स्विस कंपनीला विकायचं २०२१ मध्ये ठरवलं, २०२२ मध्ये तो गेलाही. श्रवणयंत्रं बनवणारी कंपनी. (कानाचा धंदा कानातच राहिला म्हणा.) ऑडीझी ही हेडफोन कंपनी २०२३ पासून सोनीच्या प्लेस्टेशनवाल्यांकडे आहे. हेडफोन बनवणाऱ्या एकेजीची कथा सगळ्यात बोलकी. मूळची व्हिएन्नाची, १९४७ ची. तिची मालक हरमन सॅमसंगने २०१७ मध्ये घेतली, तेव्हा तीही सॅमसंगच्या पदरात पडली, त्याच सुमारास व्हिएन्नाचं ऑफिस बंद झालं. तिथल्या इंजिनियरांनी त्याच शहरात ऑस्ट्रियन ऑडिओ काढली. आता एकेजीच्या जुन्या चाहत्याने इमान कुणाशी राखायचं, खोक्यावरच्या नावाशी की रस्त्यापलीकडच्या माणसांशी?

कानसेन, ते पॅड ठेवणारं गोदामही विकलं जातं, हे लक्षात असू द्या.

दादरचा_दुकानदार

मी हा माल विकतो, तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या. शनिवारी माणूस येतो, एसीत बसून दोन तास पाच हेडफोन ऐकतो, चहा पितो, "विचार करून सांगतो" म्हणतो. पुढच्या महिन्यात मेहुण्याकरवी दुबईहून आणलेलं तेच मॉडेल घेऊन येतो: "उजवीकडे घरघर येतेय, वॉरंटीत करून द्या ना, तुम्ही ओळखीचे." साहेब, वॉरंटी बहुतेक वेळा त्या-त्या देशापुरतीच असते. बाहेर दुरुस्तीला पाठवायचा म्हटलं तर जाताना कागदपत्रं नीट करावी लागतात, नाहीतर परत येताना कस्टम्सवाले पुन्हा ड्युटी मागतात. हा खर्च माझ्या किमतीत धरलेला असतो. तोच तुम्हाला "महाग" वाटतो.

तरी एक कबूल करतो. दुरुस्तीला आलेल्या माणसाला मी डेमोमधला जोड नेऊ देतो, तेव्हा तो हमखास परत येतो. आणि त्याला कंपनीचं नाव कित्येकदा आठवतही नाही.

तक्रारवही

नुसता मनस्ताप करून घेणाऱ्यांसाठी: २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. विक्रेता कुठलाही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, म्हणजे यातले बहुतेक हेडफोन त्यात बसतात. ऑनलाइन घेतला असेल तर विक्री करणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असा नियम आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून बघा. कानसेन यांना चार वेळा बिल मागणाऱ्यांनी तेव्हा एकदाच मागितलं असतं.

बाकी "छान बोलतात म्हणून त्यांचाच घेतो" हे मला धोक्याचं वाटतं. कायद्याने जे देणं लागतं ते दिल्याबद्दल आपण कृतज्ञ होतो आणि पुढच्या खरेदीत दहा हजार जास्त मोजतो!

पेचकस

तक्रारवहीताईंशी (की दादांशी?) सहमत. फक्त खेप पोस्टाने आली की खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. न वाजण्याच्या व्हिडिओपेक्षा तो जास्त कामाचा.

कानसेन

मला चार वेळा नाही, दोनच वेळा बिल मागितलं होतं, पण भावना पोचल्या. आणि दहा हजार जास्त मोजायला माझी हरकत नाही. ते आवाजाचे नाहीत, पिना अदलाबदल करून पाहा म्हणणाऱ्या माणसाच्या पगाराचे आहेत. तो माणूस नोकरी सोडून गेला तर पुढच्या वेळी मी पुन्हा विचार करीन. श्टुटगार्टकरांचा मुद्दा तेवढा मान्य.

चोखंदळ

ते सगळं राहू दे. @दादरचा_दुकानदार, फोकलचा युटोपिया ऐकायला ठेवलाय का? शनिवारी येतो.

दादरचा_दुकानदार

ठेवलाय, या. मेहुणे कुठे असतात तुमचे?