मदत हवी आहे: कारखान्याच्या दारात वाढलेली तीन पायांची कुत्री घरात रुळत नाहीये (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सध्या एक कुत्री तात्पुरती राहायला आहे. नाव कांडी. डॉक्टरांच्या अंदाजानं वय चार-पाच वर्षं. पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्याच्या दारात ती लहानाची मोठी झाली, नावही तिथल्या कामगारांनीच ठेवलंय. उन्हाळ्याच्या तोंडावर तिला एका टेम्पोनं उडवलं. मागचा उजवा पाय इतका चिरडला होता की तो वरपर्यंत काढावा लागला. आता जखम भरली आहे, टाके निघालेत, त्या जागी बारीक केस यायला लागलेत. रेबीजची आणि बाकीची लस झाली, जंताचं औषध झालं, गोचिडांची गोळी दिली. नसबंदी आधीच झालेली आहे, कानाला खूण आहे. म्हणजे दवाखान्याची बाजू ठीक आहे. अडचण आहे ती घराची.

तिला पुन्हा रस्त्यावर सोडायचं नाही हे आमचं सुरुवातीलाच ठरलं. तिथल्या ट्रकांच्या आणि टेम्पोंच्या गर्दीत तीन पायांवर तिचा निभाव लागणार नाही. सुदैवानं पुण्यातलं एक कुटुंब तिला कायमचं घ्यायला तयार झालंय. माणसं चांगली आहेत, व्हिडिओ कॉलवर दोनदा सविस्तर बोलणं झालं. पण त्यांचं घर चौथ्या मजल्यावर आहे. पाऊस सुरू झाला की ते तिला न्यायला येणार. तोवर तिला चार भिंतींच्या आत राहायची सवय लावणं आमच्याकडे लागलं, आणि तिथंच गाडी अडलीय.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. तळमजला, पुढं लहानसं अंगण, लिंबाचं एक झाड. घरात मी, नवरा, सासूबाई आणि सहावीतली मुलगी. अंगणात कांडी मजेत असते. झाडाखालची माती उकरून त्यात पसरते, फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवते. पण उंबरठ्याच्या आत म्हणून यायचं नाही. दुपारी पारा ४० च्या वर जातो, अंगणातल्या फरशीवर आपल्याला अनवाणी उभं राहवत नाही, तरी ती बाहेरच धापा टाकत बसते. मग उचलून आत आणावं लागतं. उचलल्यावर चावत नाही, गुरगुरत नाही. अंग ताठ करते आणि मान फिरवून घेते. हे मला जास्त लागतं.

आत सोडलं की हॉलमधल्या गुळगुळीत टाइल्सवर तिची फार वाईट अवस्था होते. एकच मागचा पाय, तो बाहेरच्या बाजूला सरकत जातो. पुढचे दोन पंजे बोटं फाकवून फरशी धरायला बघतात, नखांचा कर्र आवाज येतो आणि ती आहे तिथंच खाली बसते. मग पोट फरशीला टेकवून भिंतीच्या कडेकडेनं सरपटत जाते ती थेट मोरीत. आमची मोरी जुनी आहे, खाली खडबडीत शहाबादी फरशी. कोपऱ्यात पाण्याच्या पिंपामागं जी जागा आहे तिथं ती अंग चोरून बसते, आणि दार उघडं दिसेपर्यंत तिथून हलत नाही. सासूबाईंची सोवळ्याची काही अट नाही, पण आंघोळीला गेलं की पायाशी कुत्री, याला त्या वैतागल्या आहेत, आणि त्यांचं चूक आहे असंही मला वाटत नाही.

बाकीचं थोडक्यात सांगते. कुकरच्या शिट्टीला आणि मिक्सरला फार घाबरते, थरथर कापते. दिवसा आम्ही समोर असताना खात नाही, रात्री दिवे घालवले की ताटली रिकामी करते. घरात शू-शी अजिबात करत नाही, कितीही वेळ दाबून धरते, मातीवरच करणार. (चौथ्या मजल्यावर माती कुठून आणायची?) पट्टा लावला की आडवी पडते. संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटायच्या सुमाराला फाटकाशी जाऊन उभी राहते. एकदा भाकरीचा तुकडा तोंडात धरून दिवाणाखाली गेली होती, मुलगी वाकून बघायला गेली तेव्हा तिच्यावर गुरगुरली. चावली नाही, पण तेव्हापासून सासूबाई धास्तावल्यात.

सल्ले बरेच मिळालेत. एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, सरळ दार लावून घ्या, दोन दिवस ओरडेल, मग गप्प बसेल. माझं मन त्याला तयार होत नाही. गप्प बसलेलं जनावर निवांतच असतं असं नाही, ते हरलेलंही असू शकतं. दुसरीकडे कुत्रं नव्या घरात रुळायला ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ लागतात, हा हिशोब सगळीकडे वाचायला मिळतो. पण आयुष्यभर उघड्यावर राहिलेल्या, वर नुकताच पाय गेलेल्या कुत्रीला तो लागू पडतो का?

मला मुख्यतः हे विचारायचंय: तिला आत आणायचा आग्रह किती धरावा? अंगणात ती सुखी दिसते म्हणून तिथंच राहू दिलं तर पुण्याला तिचे हाल होतील. रोज उचलून आत आणलं तर तिचा आमच्यावरचा उरलासुरला भरवसा जाईल अशी भीती वाटते. ज्यांनी रस्त्यावरची मोठी कुत्री घरात आणली आहेत त्यांनी कृपया सांगा. तीन पायांच्या कुत्र्याचा अनुभव कुणाला असेल तर फारच बरं.

प्रतिसाद, सांगलीहून

ताई, आमच्याकडे अशी बरीच कुत्री राहून गेलीत, त्यातली दोघं तीन पायांची होती. तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे. घरभर फिरून तिनं स्वतःहून एक जागा निवडली आहे, ती म्हणजे मोरी. तिथं काय आहे ते बघा: पाय न घसरणारी खडबडीत फरशी, तीन बाजूंनी आडोसा, गारवा, कमी उजेड. तिचं वावडं घराशी नाहीये, टाइल्सशी आणि उघड्या मोकळ्या हॉलशी आहे. मोरीतल्या या सगळ्या गोष्टी दुसऱ्या कोपऱ्यात जमवून द्या.

आधी फरशीचा बंदोबस्त करा, बाकी सगळं नंतर. कुत्र्याच्या अंगाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून मागचा पाय गेलेली कुत्री तशी लवकर सावरतात. पण उरलेला एक मागचा पाय घसरला की सगळा तोल जातो, आणि त्या पायाच्या सांध्याला इजा झाली तर तिच्याकडे दुसरा पाय नाही. दारापासून तिच्या कोपऱ्यापर्यंत आणि कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सलग वाट करा. रबरी पायपुसणी, योगाची मॅट, गोणपाट, काहीही चालेल, फक्त ते स्वतः सरकता कामा नये. नुसती चादर टाइल्सवर टाकू नका, ती पायाखालून निसटते. नखं कापून घ्या, पंज्याच्या गाद्यांमधले केस कात्रीनं बारीक करा. वजन वाढू देऊ नका. डॉक्टरांना एकदा दुखण्याबद्दलही विचारा. पाय काढल्यावर जखम भरली तरी काही कुत्र्यांना त्या जागी दुखत राहतं, आणि दुखत असेल तर उचलल्यावर अंग ताठ होणारच.

उचलणं मात्र बंद करा. दुपारी बाहेर चटका बसायच्या आत, म्हणजे सकाळी नऊच्या आधीच तिचं पाणी आणि खाणं उंबरठ्याच्या आत एक हातावर ठेवायला लागा. तिनं मान आत घालून खाल्लं तरी पुष्कळ. मग दर दोन-तीन दिवसांनी ताटली थोडी आत सरकवा. दार उघडंच ठेवा, आणि हे फार महत्त्वाचं आहे. बाहेर जाता येतं हे कळलं की आत थांबायची भीती कमी होते. ती आत असताना दार लावायचं ते अगदी शेवटी, आणि सुरुवातीला नुसतं लोटून लगेच उघडायचं.

कुकरचं असं करा. लांबच्या खोलीत ती असताना शिट्टी झाली की ताबडतोब उकडलेल्या चिकनचा तुकडा तिच्या पुढ्यात पडला पाहिजे. आधी शिट्टी, मग चिकन. हा क्रम चुकवू नका, उलट झालं तर ती चिकनलाच घाबरायला लागेल. मिक्सर पहिले काही दिवस ती अंगणात असतानाच लावा.

गुरगुरण्यावर रागावू नका. गुरगुरणं म्हणजे तिनं दिलेली सूचना आहे. ती सूचना दाबली की पुढच्या वेळी न सांगता दात लागतात. मुलीला दोन नियम सांगा: कांडी खाताना आणि झोपलेली असताना जवळ जायचं नाही, आणि दिवाणाखाली वाकून बघायचं नाही. तिच्या तोंडातलं काही काढून घ्यायचंच असेल तर दुसरीकडे त्याहून चांगलं काहीतरी टाका, ती सोडून येईल. मुलीनं रोज लांबून खाऊ टाकायचा आणि निघून जायचं. कुत्री आपणहून जवळ येईपर्यंत हात लावायचा नाही. एवढं पाळूनही कधी दात किंवा ओरखडा लागलाच तर जखम साबण लावून १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुत्रीची लस झालेली असली तरीही.

मातीचं सोपं आहे. एका पसरट ट्रेमध्ये तुमच्या अंगणातली तीच माती भरा आणि ती आधी अंगणातच ठेवा. तिथं शू केली की खाऊ. पुण्याला जाताना तो ट्रे मातीसकट सोबत द्या. फिनाइलनं पुसणं टाळा, त्याचा वास तिला त्रासदायक असतो आणि पंजे चाटताना ते पोटात जातं. पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घ्या, पण तीन पायांना नीट बसतो ना ते बघून. आधी नुसता अंगावर राहू द्या, दोरी नंतर.

तीन दिवस-तीन आठवडे हा ढोबळ अंदाज आहे. कांडीला जास्त लागेल असं धरून चाला. पुण्याच्या मंडळींना हे आत्ताच स्पष्ट सांगा आणि त्यांच्याही टाइल्सवर मॅट टाकून घ्यायला लावा. त्यांची सोसायटी कुरकुर करत असेल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना त्यांच्याकडे असू द्या. कुत्रं पाळायला किंवा लिफ्ट वापरायला सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात म्हटलंय.

प्रतिसाद, सोलापूरहून

ताई, मी पूर्व भागातलाच. आमच्या घरी वडिलांच्या काळापासून माग. एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो. ती कुत्री जन्मापासून मागाच्या खटखटीत झोपलेली आहे. दिवसरात्र एकसारखा आवाज. तुमच्या घरातली शांतता तिला नवी आहे, आणि शांततेत एकच शिट्टी झाली की तो आवाज तिच्या अंगावर येतो. कूलर चालू ठेवून बघा, तिच्या कोपऱ्यापासून जवळच. आमच्याकडची कुत्री सुताच्या कांड्या भरायच्या मशीनखाली गाढ झोपतात आणि लाइट जाऊन माग बंद पडले की उठून बसतात.

दुसरं, कारखान्यात जाऊन ती ज्या पोत्यावर झोपायची ते मागून आणा. नवीन गादी नको. आणलेलं पोतं धुऊ नका. तिसरं, आमच्याकडं कामगार कुत्र्यांशी तेलुगूतच बोलतात. ‘ये’ म्हणू नका, ‘रा, रा’ म्हणून बघा की ओ. आणि शेंगाचटणी लावलेली भाकरी देत असाल तर बंद करा. कारखान्यात डबा खाताना लोक देतात, पण लसूण आणि तिखट-मीठ कुत्र्याला चांगलं नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. चार-पाच दिवस करून बघून मग लिहायचं म्हणून थांबले होते.

मुलीची योगाची मॅट आणि तीन रबरी पायपुसणी जोडून उंबरठ्यापासून देवघराशेजारच्या कोपऱ्यापर्यंत वाट केली. तिथं एका बाजूला कपाट, दुसरीकडे भिंत, वर टेबल आणि टेबलावरून चादर सोडली. नवरा कारखान्यात जाऊन पोतं घेऊन आला. कामगारांनी तिची चौकशी केली, एकानं बिस्किटाचा पुडा पाठवला. पोत्याला सुताचा बारीक भुगा चिकटलेला आहे, तो तसाच ठेवलाय. कूलर तिकडं वळवला.

‘रा, रा’ म्हटल्यावर तिचे दोन्ही कान एकदम उभे राहिले आणि तिनं आमच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. सासूबाईंनीच म्हणून बघितलं होतं, त्यामुळे आता खाऊ द्यायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. काल दुपारी कांडी मॅटवरून चालत कोपऱ्यापर्यंत गेली आणि पोत्यावर बराच वेळ बसली. झोपली नाही, पण बसली. मॅट जिथं संपते तिथं मात्र थबकते आणि अजून रोज एकदा तरी मोरी गाठतेच. ते आम्ही चालवून घेतोय, पिंप थोडं सरकवून तिला जागा करून दिलीय. कुकरच्या शिट्टीला अजून कापते, पण चिकन खायला लागली आहे, आमच्यासमोर, दिवसा.

दुखण्याबद्दल डॉक्टरांना विचारलं. त्यांनी टाक्यांच्या जागेभोवती दाबून बघितलं, तिथं ती दचकते. काही दिवसांचं औषध सुरू केलंय. हा मुद्दा सुचवल्याबद्दल सांगलीकरांचे विशेष आभार.

आता दोन गोष्टी उरतात. एक, लिफ्ट. इथं कुणाच्या बिल्डिंगमध्ये दुपारच्या निवांत वेळी आठवड्यातून दोनदा सराव करू देणार असाल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. शक्यतो विजापूर रोड किंवा होटगी रोडच्या बाजूला, म्हणजे तिला रिक्षात फार वेळ बसवावं लागणार नाही. दुसरं, पुण्यापर्यंतचा साडेचार-पाच तासांचा प्रवास. तीन पायांच्या कुत्र्याला गाडीत कसं बसवायचं, पिंजऱ्यात की मागच्या सीटवर मॅट टाकून? मधे थांबायचं का, की अनोळखी जागी उतरवूच नये? हे ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, म्हणजे न्यायला येणाऱ्या मंडळींना आधीच कळवता येईल.