भाजीच्या वाफ्यांत ससे: जाळी कोणती, किती उंच?

माळावरची भाजी:
घरामागे 20 बाय 30 फुटांत भाजी आहे, तीन बाजूंना माळ. आठवडाभरात कोबीची रोपं आणि घेवड्याचे कोंब रात्रीतून खुडले गेले. मिरची-कांद्याला तोंडही लावलेलं नाही. नायलॉनची जाळी खालून कुरतडलेली आहे. कायमचा उपाय सांगा.

कुंपणवाला:
आधी देठ पाहा. ससा ब्लेडने कापल्यासारखा तिरका काप घेतो, जवळपास वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या सापडतात. मोर रोप उपटतो, डुक्कर माती उकरतं. मिरची-कांदा शाबूत आहे, म्हणजे ससाच धरा.

नायलॉन काढाच. ससा ते सहज कातरतो, शिवाय त्यात धामण अडकून मरते आणि मग उंदीर वाढतात. एक इंची भोकांची, 4 फूट रुंद जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) कोंबडी जाळी घ्या. दोन इंची भोकातून पिल्लं आत शिरतात. घेर 100 फूट, म्हणजे 50 फुटी दोन बंडलं. फाटकाची वाचलेली जाळी कोपऱ्यांत एकावर एक घ्यायला पुरते. दर 6 फुटांवर खांब.

मुख्य काम तळाचं. खालची 9 इंच जाळी काटकोनात बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीवर पसरा आणि वर दगड-माती टाका. ससा कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरतो. तिथे पायाखाली जाळीच लागते आणि मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही. आतल्या बाजूला वळवलीत तर मेहनत फुकट. वर 39 इंच उरतात, ते पुरे. वर-खाली 12 गेजची तार ताणून जाळी तिला बांधा, नाहीतर दोन खांबांमध्ये झोळ पडतो आणि ससा तिथूनच येतो.

परसदार:
फाटक विसरू नका, फट तिथेच राहते. खाली उंबऱ्यासारखी फरशी बसवा, फट इंचभरापेक्षा जास्त नको. आपला रानससा बीळ करत नाही, दिवसा गवताच्या आडोशाला दबून बसतो. म्हणून कुंपणाबाहेर 10 फूट गवत कापलेलं ठेवा, आणि जाळी बंद करण्याआधी आतले वाफेही तपासा.

माळावरची भाजी:
खांब बांबूचे चालतील का? आणि जाळी लागेपर्यंत कोबीचं काय करू?

कुंपणवाला:
चालतील, पण वाळवी लागते. जमिनीत जाणाऱ्या दीड फुटाला डांबराचे दोन हात द्या. तोवर संध्याकाळी रोपांवर टोमॅटोचे क्रेट पालथे घालून वर दगड ठेवा, सकाळी काढा. अंड्याची किंवा तिखटाची फवारणी पालेभाजीवर नको: पावसाने धुऊन जाते, नवी पानं उघडीच राहतात, आणि ती पानं आपल्यालाच खायची असतात.

परसदार:
कुणी फासे, थायमेट (विषारी कीटकनाशक) किंवा तारेत करंट सुचवला तर ऐकू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने रानससा संरक्षित आहे, आणि घरच्या लाइनचा करंट माणसाचाही जीव घेतो.