मदत हवी आहे: चिऱ्याच्या घराला ओल, होम-स्टेआधी काय करावं?

माजघर:
मालवण तालुक्यातलं जुनं कौलारू घर. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या. काही वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, अंगणात जोत्यापर्यंत कोबा घातला आणि शेणाची जमीन काढून टाइल्स बसवल्या. आता जमिनीपासून तीन फुटांपर्यंत गिलावा फुगतो, लोणा (पांढरा क्षार) येतो. तीन खोल्या पर्यटकांना द्यायच्या आहेत. ठेकेदार म्हणतो, वॉटरप्रूफिंग केमिकल मारा आणि कौलं काढून स्लॅब टाका. घराचं रूप घालवायचं नाही. सुरुवात कुठून करावी? न्हाणीघर आत काढलं तर चालेल का?

दर्ज:
केमिकल मारू नका. अशा जुन्या भिंतीखाली ओल अडवणारा थर नसतो. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी वर चढतं आणि मोकळ्या भिंतीतून सुकून जातं. तुमच्याकडे टाइल्सनी जमीन बंद झाली, कोब्याने अंगण, सिमेंटने भिंत. सगळं पाणी भिंतीतच उरलं. केमिकलने ते आणखी वर जाईल, तीन फुटांचे पाच होतील.

आधी बाहेरचं काम. जोत्यालगतचा दोन फूट रुंद कोबा फोडा, फूटभर खोल चर खणून खडी भरा, उतार घरापासून दूर द्या. पागोळ्यांचं पाणी जोत्यावर उडत असेल तर पन्हळ लावा. मग गिलावा काढा, पण हातोडी-छिन्नीने. ब्रेकरच्या हादऱ्याने मातीच्या दरजा (चिऱ्यांमधले सांधे) सुटतात. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जातो.

दिवाळीनंतर काम सुरू करा आणि उन्हाळ्यापर्यंत भिंत उघडीच सुकू द्या. घाई इथेच नडते. ओल्या भिंतीवर नवा गिलावा केला की पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा लोणा दिसतो.

माजघर:
गवंडी म्हणतो, चुन्याचा गिलावा टिकत नाही. आणि माकडं कौलं फोडतात, त्याचं काय?

दर्ज:
पिशवीतली जुनी पूड वापरली तर नाहीच टिकत. कळीचा चुना, म्हणजे न विझवलेले चुन्याचे खडे आणा. चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळून अंगावर उडतो, डोळ्यांना चष्मा हवाच. वर दोन इंच पाणी ठेवून निदान पंधरा दिवस मुरवा. मग १ भाग चुना, ३ भाग नदीची चाळलेली वाळू. खाडीची वाळू नको, तिच्यातल्या मिठानेच लोणा येतो. दरजा पाऊण इंच खरवडून भरा, भिंत शिंपडून ओलसर करा आणि ८-१० मिलिमीटरचे दोन थर द्या. पहिला थर घट्ट झाल्यावरच दुसरा. आठवडाभर ओलं गोणपाट लावा, उन्हात भराभर सुकला तर तडे जातात. वर चुन्याची सफेदी. प्लास्टिक पेंट लावलात तर सगळी मेहनत वाया.

कोनाडा:
माकडांसाठी वाशांवर पत्रा, त्यावर उताराच्या दिशेने इंचभर जाडीच्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा आणि मग मंगलोरी कौलं. कौल फुटलं तरी खोली गळत नाही, मधून हवा खेळते. चौरस मीटरला साधारण १५ कौलं धरा, शिवाय फुटीसाठी थोडी जास्त. खोलीत काचेची दोन कौलं हवी असतील तर त्यांच्याखाली पत्रा कापून पारदर्शक तुकडा बसवा. स्लॅबचा विचार सोडा: मातीत बांधलेल्या भिंतींवर तो भार टाकणं धोक्याचं आहे, आणि पाहुणा कौलं आणि पडवी बघायलाच येणार.

न्हाणीघर आत नको. मागच्या पडवीलगत स्वतंत्र पायावर, जुन्या भिंतीपासून दोन इंच अंतर ठेवून बांधा. सांध्यावर वरून पत्र्याची पट्टी लावा, म्हणजे फटीत पाऊस जाणार नाही. जुन्या भिंतीत खाचा मारून पाइप गाडू नका. शोषखड्डा विहिरीच्या उताराकडच्या बाजूला, १०० फुटांवर. जांभ्याच्या भेगांतून मैला विहिरीपर्यंत पटकन पोचतो. जागा कमी असेल तर खड्ड्याऐवजी केळी-कर्दळीचा पाझर वाफा फक्त अंघोळीच्या पाण्यासाठी करा, संडासाचं पाणी त्यात सोडू नका.

टाइल्स एकदम काढायची गरज नाही. भिंतीलगतची एक ओळ काढून तिथे चुना-वाळू भरा आणि पावसाळाभर बघा. ओल उतरली नाही तरच बाकीच्या काढा.