न्यू ऑर्डरचा 'मूव्हमेंट' (१९८१): खरंच इतका कच्चा आहे का?

जुनी_कॅसेट
न्यू ऑर्डर म्हटलं की सगळे 'ब्लू मंडे'पासून सुरू होतात आणि जॉय डिव्हिजन म्हटलं की 'क्लोजर'वर थांबतात. मधे नोव्हेंबर १९८१ चा 'मूव्हमेंट' हा अल्बम आहे, तो कुणाच्या गणतीतच नाही. गेले दोन आठवडे रोज रात्री तोच ऐकतेय आणि माझं मत पार बदललंय. १८ मे १९८० ला, अमेरिकेच्या दौऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस गेला, आत्महत्या, वय फक्त २३, आणि वर्षभरात बँडमधले उरलेले तिघं, आता न्यू ऑर्डर या नावाने, पुन्हा स्टॉकपोर्टच्या त्याच स्ट्रॉबेरी स्टुडिओत, जिथे जॉय डिव्हिजनचा पहिला अल्बम केला होता, समोर प्रोड्यूसरही तोच मार्टिन हॅनेट, फक्त गाणारा नाही. बर्नार्ड समनर मुळात गिटारवाला, पीटर हुक बेसवाला, दोघांनी गाणी वाटून घेतली. घरातला कर्ता माणूस गेल्यावर काही दिवस कुणी मोठ्याने बोलत नाही ना, तसा आवाज आहे इथे. सुतकातला अल्बम आहे हा, आणि मला तो तसाच आवडतो.

बेसवाला_पुणे
ताई, दुःख खरं आहे यात वाद नाही, पण दुःख खरं म्हणून गाणं चांगलं होत नाही. समनर इथे इयनसारखं खाली गायला जातो आणि तो त्याचा आवाजच नाही. 'ट्रुथ', 'डिनायल' ऐकताना मला सारखं वाटतं की जागा दुसऱ्याची आहे आणि हा संकोचून बसलाय. आणि यांना जमत नव्हतं असंही नाही, मार्च ८१ मधे 'सेरेमनी' हे सिंगल आलंच होतं की, तेही हॅनेटकडेच.

जुनी_कॅसेट
अहो पण 'सेरेमनी' इयन असतानाचं गाणं! २ मे १९८० ला बर्मिंगहॅमच्या शेवटच्या शोमधे तोच गायला होता. त्याच्याशिवाय पहिल्यांदा सगळं स्वतः लिहायचं म्हणजे काय, ते 'मूव्हमेंट'मधेच दिसतं. आणि तुम्ही म्हणता तो संकोच, मला तोच तर ऐकायचाय.

सिंथप्रेमी
तुम्ही दोघंही गाण्याबद्दलच बोलताय, जरा मागे काय चाललंय ते ऐका. कीबोर्ड वाजवणारी गिलियन गिल्बर्ट ऑक्टोबर ८० मधे बँडमधे आली, स्टीफन मॉरिसच्या ड्रम्सबरोबर मशीनचे ठोके आणि सिंथ मिसळायला लागले. 'चोझन टाइम' हेडफोन लावून ऐका, पुढच्या डान्स रेकॉर्ड्सचं बी तिथेच पडलंय. आवाज मागे ढकलला त्यात हॅनेटचाही हात आहे, त्याचं आणि बँडचं तेव्हा पटत नव्हतं आणि 'एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन' या गाण्यानंतर त्यांनी त्याला सोडलंच.

बेसवाला_पुणे
मग माझाच मुद्दा झाला ना. त्याला सोडलं, मे ८२ मधे 'टेम्प्टेशन' स्वतः प्रोड्यूस केलं आणि समनर एकदम मोकळा, वर चढून गातोय, चुकतमाकत पण स्वतःच्या आवाजात. सहा-सात महिन्यांत एवढा फरक. त्यापुढे 'मूव्हमेंट' म्हणजे मला वाट चुकल्यासारखा वाटतो.

जुनी_कॅसेट
वाट चुकली नाही हो, वाटच ती होती. लगेच 'टेम्प्टेशन' केलं असतं तर मला ते खोटं वाटलं असतं, वर्षभरापूर्वी मित्राला पोचवून आलेली पोरं होती ती. 'आयसीबी' या नावाचा अर्थ बरेच फॅन 'इयन कर्टिस बरीड' असा लावतात. तो बरोबर असो नसो, गाणं ऐकताना मला दुसरं काही सुचत नाही.

बेसवाला_पुणे
काल रात्री तुमच्यामुळे पुन्हा पूर्ण लावला, पस्तीसेक मिनिटांचा तर आहे. मत तेच, अर्धी गाणी नुसत्या धुक्यात आहेत. पण 'डाउट्स इव्हन हिअर'ला थांबलो. हुक गातो, आवाज जड, आणि शेवटाकडे गिलियन मागून हळू काहीतरी बोलत राहते. ते तीनदा ऐकलं. बाकी 'डिनायल'बद्दल मी मागे हटत नाही.